सीजीएमचा ट्रान्समीटर वॉरंटीनंतर किती ओढता येतो?

चिऊची_आई | मंगळवार, रात्री ११.४०

नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचते, लिहायची ही पहिलीच वेळ.

लेक नऊ वर्षांची, टाईप १ मधुमेह, निदानाला तीन वर्षं झाली. सव्वा वर्षापासून दंडावर सीजीएम, म्हणजे दिवसरात्र साखर मोजणारं यंत्र आहे, गार्डियन कनेक्ट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कातडीखाली जाते ती बारीक तार म्हणजे सेन्सर, तो सात दिवसांनी फेकायचा. त्याला बाहेरून जोडतो तो शिंपल्याएवढा पांढरा तुकडा म्हणजे ट्रान्समीटर. दर पाच मिनिटांनी तो साखरेचा आकडा मोबाईलला पाठवतो. हा फेकायचा नाही, दर आठवड्याला चार्ज करून नव्या सेन्सरला लावायचा. वॉरंटी एक वर्षाची होती, ती मार्चमध्ये संपली.

किंमत लिहीत नाही, पण तेवढ्यात घरात नवा फ्रीज येईल आणि वर कपडे धुण्याचं मशीन. मेडिक्लेमवाल्यांनी "दवाखान्यात भरती नाही, मग आमच्याकडे बसत नाही" म्हणून हात वर केले.

आता अडचण अशी की पूर्वी एका चार्जिंगवर सातही दिवस निघायचे. हल्ली शुक्रवारी लावलेला बुधवारी मान टाकतो, आणि टाकतो ती नेमकी रात्री. मग मी जुन्या पद्धतीने दोन-दोन तासांनी उठून बोट टोचते. नवरा म्हणतो, घेऊन टाकू नवा, पुढचं पुढे बघू. मला वाटतं आधी विचारावं. कुणी वर्षाच्या पुढे चालवलाय का? काय केलंत?

---

तिरसट | मंगळवार, रात्री ११.५२

मुद्दाम वर्षभरच चालतील असे बनवतात. सगळ्यांचं हेच. बसा विचारत.

---

सोल्डर_मास्तर | बुधवार, सकाळी ६.१५

तिरसटराव, चहा घ्या आधी.

ताई, तीन प्रश्न. एक, त्याच्या चार्जरमध्ये ट्रिपल ए सेल पडतो, तो कोणता घालता? दोन, ट्रान्समीटर धुताना कशाने धुता, आणि त्याच्या तोंडाला ती हिरवी टोपी लावता का? तीन, बॅटरी पूर्ण मरेपर्यंत वापरता की आधीच काढता?

(माझं नातं: धाकटा भाऊ टाईप १, वीस वर्षं झाली. धंदा: नाशिकला मोबाईल आणि इन्व्हर्टर दुरुस्ती. डॉक्टर नाही.)

---

चिऊची_आई | बुधवार, सकाळी ९.३०

मास्तर, एवढ्या सकाळी उत्तर दिलंत, आभार.

सेल रिचार्जेबल घालते, चिऊच्या रिमोटच्या गाडीतले. आमच्याकडे ते आठ आहेत, म्हटलं पैसे कशाला घालवा. धुणं म्हणजे कापसावर स्पिरिट घेऊन पुसते, आतपर्यंत. हिरवी टोपी डब्यात तशीच आहे, मला वाटलं ती पॅकिंगची. आणि हो, मरेपर्यंतच वापरतो. सेन्सर सात दिवसांचा, मग आधी कशाला काढायचा?

तिन्ही चुकलं का?

---

सोल्डर_मास्तर | बुधवार, दुपारी २.०५

चुकलं म्हणत नाही, पण गंमत बघा.

आठवड्याला एक चार्जिंग धरलं तर सव्वा वर्षात पासष्ट वेळा. कुठल्याही रिचार्जेबल सेलला पासष्ट चक्रं म्हणजे बालवाडी. तुमचा मोबाईल तेवढी दोन महिन्यांत करतो. म्हणजे नुसत्या वापराने तो म्हातारा झाला हे मला पटत नाही. शोध दुसरीकडे घ्यायला हवा.

पहिला संशय चार्जरवर. साधा अल्कलाईन सेल दीड व्होल्टचा असतो, रिचार्जेबल १.२ चा. चार्जर अल्कलाईन गृहीत धरून बनवलाय. कमी दाबाच्या सेलवर तो काम केल्यासारखं दाखवेल, पण ट्रान्समीटर पोटभर जेवला की अर्धपोटी उठला हे कळणार नाही. आज नवीन अल्कलाईन घाला आणि पूर्ण दोन तास लावून ठेवा. रिकामा ट्रान्समीटर भरायला दोन तासांपर्यंत लागतात असं त्याच्या पुस्तिकेतच आहे.

दुसरा संशय तोंडावर. ती हिरवी टोपी पॅकिंगची नाही. तिला टेस्टर म्हणतात. दोन कामं करते: ट्रान्समीटर जिवंत आहे का ते तपासणं, आणि धुताना तोंड बंद ठेवणं. आत ज्या पिना आहेत त्यांना पाणी, स्पिरिट, घाम लागला की हळूहळू काळ्या पडतात. त्याच पिनांतून चार्जिंगही जातं. पिन काळी म्हणजे चार्जिंग अर्धवट.

उजेडात धरून भिंगाने बघा. मोबाईलचा कॅमेरा झूम केला तरी चालेल. काळा ठिपका, हिरवट पूड, किंवा रबरी कडीचा तुकडा अडकलेला दिसतोय का सांगा. सुई, टाचणी काहीही आत घालू नका!

तिसरं, तळ गाठायची सवय सोडा. आणि हा उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिला होता का कधी?

---

चिऊची_आई | बुधवार, दुपारी २.२०

एप्रिलमध्ये कोल्हापूरला जाताना. चार तास. देवा.

---

परसातला_जर्सीकर | बुधवार, रात्री ९.१०

न्यू जर्सीहून लिहितोय. इकडची कथा वेगळी आहे म्हणून टाकतो, कारण गुगलवर "ट्रान्समीटर लाईफ वाढवा" शोधलंत तर बहुतेक माहिती आमच्याकडच्या डेक्सकॉम कंपनीच्या सीजीएमची निघेल आणि ती ताईंना लागू पडणार नाही. धाग्यावर पुढे येणाऱ्यांचा गोंधळ नको.

मी टाईप १, आता पंचेचाळीस. डेक्सकॉमचं जी५, मग जी६ वापरलं. जी६ चा ट्रान्समीटर चार्ज होतच नाही. आत छोटे सिल्व्हर ऑक्साईडचे सेल, वरून राळ ओतून बंद. सेन्सर दहा दिवसांचा, ट्रान्समीटर नव्वद दिवसांचा, म्हणजे एका ट्रान्समीटरवर नऊ सेन्सर. पण खरी मेख बॅटरीत नाही, आतल्या मोजणीत आहे. साधारण शंभराव्या दिवसानंतर तो नवा सेन्सर सुरूच करू देत नाही आणि एकशेदहाच्या आसपास कायमचा थांबतो. सेलमध्ये जीव असला तरी.

आता लोकांनी काय केलं. अँड्रॉइडवर एक्सड्रिप नावाचं अ‍ॅप आहे, रुग्णांनी आणि त्यांच्या नातेवाईकांनी मिळून लिहिलेलं. त्यात ट्रान्समीटरचे दिवस दिसतात, दोन्ही व्होल्टेज दिसतात. सुरुवातीच्या मालिकांमध्ये त्यातून मोजणी शून्यावर आणता यायची. तेव्हा मी एकेक ट्रान्समीटर पाच-सहा महिने चालवलाय. दुसऱ्या व्होल्टेजचा आकडा २९० च्या आसपास घसरला की समजायचं, पिकलं पान. पुढच्या मालिकांमध्ये कंपनीने ते दार बंद केलं. मग लोक ट्रान्समीटर कापून सेल बदलायला लागले, आणि काहींनी तर आतला प्रोग्रॅमच बदलला. त्याला अनुबिस म्हणतात, १८० दिवस चालतो. इजिप्तचा मेलेल्यांचा देव. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी.

जी७ आल्यावर सगळा खेळच संपला. सेन्सर आणि ट्रान्समीटर एकच तुकडा, दहा दिवस आणि वर बारा तासांची सवलत, मग दोन्ही कचऱ्यात. वाढवायला काही उरलंच नाही.

माझ्याकडे जी६ चे दोन न उघडलेले ट्रान्समीटर पडून आहेत. डब्यातच ठेवलेत, कारण डब्यात चुंबक असतं, ते ट्रान्समीटरला झोपवून ठेवतं. बाहेर काढलं की तो जागा होतो. ताईंना उपयोग असेल तर डिसेंबरात पुण्याला येताना आणतो.

---

चिऊची_आई | बुधवार, रात्री ९.४५

दादा, किती मोठं मन. पण गार्डियनच्या सेन्सरला तो बसणार नाही ना?

---

परसातला_जर्सीकर | बुधवार, रात्री १०.००

नाही बसणार. टोकही वेगळं, भाषाही वेगळी. तेच सांगायचं राहिलं. सेन्सरसकट सगळंच आणावं लागेल आणि ते दहा दिवसांना एक, म्हणजे पुन्हा माझ्यासारख्या कुणावर अवलंबून. सोडा.

---

तारकर्लीचो | गुरुवार, सकाळी ७.३०

तुम्ही सगळे व्होल्ट मोजताय. माका विचाराल तर ट्रान्समीटर बॅटरीन मरणत नाय, हरवान मरतत. माझा पहिला अरबी समुद्रात गेला. पुतण्याबरोबर पोहायला उतरलो, लाट आली, दंडावरची पट्टी घामाने सैल झालेलीच होती. तीन महिन्यांचा, कोरा करकरीत. जलसमाधी.

तेव्हापासूनचे माझे नियम, मराठीत लिहितो म्हणजे सगळ्यांना कळेल. लावायच्या दिवशी आंघोळीनंतर दंडाला तेल नाही, पावडर नाही, साबणाचा अंश नाही. स्पिरिटने पुसून पूर्ण सुकू द्यायचं, फुंकर मारायची नाही. वरून खेळाडू लावतात ती ताणाची पट्टी, चारी कोपरे गोल कापून. कोपरा टोकदार ठेवला की शर्टाच्या बाहीत अडकून तिथूनच उचलते. पावसाळ्यात पट्टी तिसऱ्या दिवशी बदलायची, सेन्सरला हात न लावता. समुद्रात उतरायचं असेल तर वरून दंडपट्टा. एवढं केल्यावर गेली दोन वर्षं एकच ट्रान्समीटर चालू आहे. वॉरंटी कधी संपली ते आठवतही नाही.

आणि दिवाळीचं लक्षात ठेवा. अभ्यंगाच्या तेलाने आमच्याकडे दोन सेन्सर सुटलेत. आता नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी सेन्सर संपेल असा हिशोब महिनाभर आधी करतो. त्या पहाटे दंड मोकळा, तेल-उटणं यथेच्छ, मग नवीन.

---

वामकुक्षी | गुरुवार, सकाळी १०.४०

तारकर्लीकर, दिवाळीचा हिशोब लिहून घेतला. आमच्या सासूबाईंनी गेल्या वर्षी नातवाच्या दंडाला तेल लावताना "हे काय चिकटवलंय" म्हणून सोलूनच काढलं होतं.

हरवण्यावरून. आमचा ट्रान्समीटर कचऱ्यात गेला होता. रविवारी सेन्सर बदलला, जुना सेन्सर आणि त्याला चिकटलेला ट्रान्समीटर एकत्र कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात. सोमवारी नवा लावायला घेतो तर चार्जर रिकामा. घंटागाडी गेलेली. मी गाऊनवर ओढणी टाकून खाली धावले. कचरा वेचणाऱ्या मावशींनी सगळा पसारा गेटजवळ वर्गीकरणाला मांडला होता. म्हणाल्या, "काय हरवलं, सोनं का?" म्हटलं, सोनंच. दोघींनी बसून शोधला. नंतर त्यांच्या पिशवीत दिवाळीला साडी गेली, हे वेगळं सांगायला नको.

तेव्हापासून सेन्सर काढणं आणि कचऱ्यात टाकणं यामध्ये एक पायरी सक्तीची आहे. ट्रान्समीटर आधी स्टीलच्या डब्यात पडल्याचा आवाज यायला हवा. टण्ण. आवाज नाही तर कचरा नाही.

---

साखरपुडा_६२ | गुरुवार, दुपारी १२.१५

मी टाईप २, गोळ्यांवर. माझ्या दंडावर लिब्रे नावाचं सीजीएम. चौदा दिवसांचा एकच तुकडा, साधारण पाच हजार. फोन टेकवला की आकडा दाखवतो. मुलाने त्याच्यावर बसवायला मियाओमियाओ म्हणून चिनी यंत्र आणलं, ते आपोआप फोनला पाठवत राहतं. ते चार्जिंगचं आहे. त्यालाही हेच नियम का?

शिवाय, नातू म्हणतो आजोबा, हे सगळं सोडा, दोन हजारात साखर दाखवणारं घड्याळ मिळतं, टोचायचं नाही काही नाही. घेऊ का?

---

सोल्डर_मास्तर | गुरुवार, दुपारी १.०५

काका, घड्याळाचं आधी. घेऊ नका. कातडीला न टोचता साखर मोजणारं एकही घड्याळ किंवा अंगठी आम्ही मंजूर केलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. माझ्याकडे एक दुरुस्तीला आलं होतं. टेबलावर ठेवलं तरी साखर दाखवत होतं. टेबलाची साखर ९८, म्हणजे सांभाळून आहे बिचारं.

मियाओमियाओला मोबाईलचेच नियम. फास्ट चार्जरला लावू नका, साधा जुना चार्जर किंवा लॅपटॉपचं तोंड पुरे. सेन्सर बदलायच्या दिवशी भरून घ्या. शून्यावर आणून खणात टाकून महिनोन्‌महिने विसरू नका, लिथियम सेल उपाशी ठेवला की उठत नाही.

ताईंच्या गार्डियनलाही तसंच आहे. वापरात नसेल तरी साठ दिवसांतून एकदा चार्ज करायलाच हवा. काही जण परीक्षेच्या काळात महिना-दोन महिने सेन्सर बंद ठेवतात पैसे वाचवायला, आणि मग ट्रान्समीटर मेलेला सापडतो. बचत करायला गेले आणि मूळ भांडवल गेलं.

---

डॉ_निवांत | गुरुवार, रात्री ८.३०

चर्चा छान चालली आहे. मी निवृत्त बालरोगतज्ज्ञ, मधुमेही मुलं बरीच पाहिली. ज्यांच्याकडे टोचायच्या पट्ट्यांचेही पैसे नसत ती मुलंही पाहिली, त्यामुळे पैसे वाचवण्याच्या धडपडीला नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही.

मात्र एक भेद धाग्यात स्पष्ट व्हावा. ट्रान्समीटरचं आयुष्य वाढवणं आणि सेन्सरचं आयुष्य वाढवणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पालक त्यांची नेहमी सरमिसळ करतात. ट्रान्समीटर मेला की गप्प बसतो. सेन्सर मरायला लागला की खोटं बोलतो. गप्प बसणाऱ्याची फार भीती नाही, तुम्ही ग्लुकोमीटर काढता. खोटं बोलणाऱ्यावर विश्वास ठेवून तुम्ही इन्सुलिन देता.

सेन्सरच्या तारेवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. त्याच्या क्रियेतून जो अत्यल्प विद्युतप्रवाह मिळतो, त्यावरून आकडा काढतात. हे विकर झिजतं. शिवाय शरीर त्या तारेला परकं मानून तिच्याभोवती हळूहळू आवरण घालतं. सात दिवसांचा सेन्सर 'नवा आहे' असं यंत्राला सांगून अकरा दिवस चालवणारे पालक माझ्याकडे येत. आठव्या दिवशी ठीक, नवव्या दिवशी ठीक, आणि दहाव्या रात्री यंत्र १४० म्हणतंय आणि मूल घामाने भिजलंय. असं एकदा पाहिलं की पुरतं.

पॅरासिटामॉल, व्हिटॅमिन सी यांनीही काही सेन्सर चुकतात, ते ज्याने त्याने आपल्या पुस्तिकेत पाहावं. आकड्याची शंका आली तर बोट टोचा. ग्लुकोमीटर ८० च्या वर असेल तर फरक वीस टक्क्यांच्या आत, ८० च्या खाली असेल तर वीस अंकांच्या आत. त्याबाहेर वारंवार जात असेल तर तो सेन्सर काढा, कितीही महाग असो. ही तपासणी साखर स्थिर असताना करावी. जेवणानंतर लगेच नको, कारण कातडीखालचं द्रव रक्ताच्या काही मिनिटं मागे चालतं.

आणि कापलेला, पुन्हा चिकटवलेला, प्रोग्रॅम बदललेला ट्रान्समीटर इन्सुलिन पंपाला जोडून पंपाला आपोआप डोस ठरवू देऊ नये. मे २०१९ मध्ये एफडीएने अशाच अनधिकृत जोडण्यांबद्दल इशारा दिला होता, त्याआधी एका रुग्णाला प्रमाणाबाहेर इन्सुलिन गेलं होतं.

---

सोल्डर_मास्तर | गुरुवार, रात्री ९.२०

डॉक्टर, सगळं मान्य, पण 'ट्रान्समीटर गप्प बसतो' याला एक अपवाद जोडतो. तो प्रवाह किती असतो? नॅनोअँपिअरमध्ये. एवढ्याशा प्रवाहाला दोन पिनांमधला घामाचा थेंबही दुसरी वाट करून देतो. मीठ, पाणी आणि दोन धातूचे ठिपके, झालं. म्हणजे तोंडात ओल गेलेला ट्रान्समीटरही खोटं बोलू शकतो. घरी उघडून सेल बदललेल्या ट्रान्समीटरची हीच भीती. जर्सीकरांच्या जी६ ला कंपनीचा पाण्याचा दर्जा आयपी२८ आहे, आठ फूट पाण्यात चोवीस तास. एकदा करवत लागली की तो दर्जा संपला. वरून कितीही एरल्डाइट ओता.

मी भावाचा एक उघडला होता, खोटं सांगत नाही. ग्राईंडरचं चाक एक मिलिमीटर जास्त गेलं आणि अँटेना तुटली. अर्ध्या मिनिटात काम तमाम. दुसरा जमला, दोन महिने चालला, मग एका पावसात भिजून भलते आकडे द्यायला लागला. भाऊ मोठा आहे, त्याला खालावलेली साखर अंगात कळते. नऊ वर्षांच्या झोपलेल्या पोरीला कळणार नाही. म्हणून ताई, मी दुरुस्तीवाला असून सांगतो, तुमचा उघडायचा नाही. बाहेरून जे करता येईल तेवढंच.

---

डॉ_निवांत | गुरुवार, रात्री ९.४०

दुरुस्ती स्वीकारली. ओलाव्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

---

लेस्टरची_सून | शुक्रवार, दुपारी ३.५०

हे सगळं वाचून अपराधी वाटतंय. इथे इंग्लंडमध्ये मार्च २०२२ ला नाईसने, म्हणजे कोणते उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या सरकारी संस्थेने, मार्गदर्शन बदललं आणि टाईप १ असलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाला सीजीएम द्यावं असं ठरलं. माझा दर महिन्याला औषधांच्या दुकानातून येतो. बॅटरी किती दिवस जाते हे मी कधी बघितलंही नाही. आईकडे साताऱ्याला गेले की मावसभाऊ माझ्या दंडाकडे ज्या नजरेने बघतो, ती आता समजली. तोही टाईप १, दिवसाला दोनच पट्ट्या परवडतात त्याला.

एक कामाचं सांगते. आपण ट्रान्समीटरला दोष देतो, तेव्हा कधीकधी फोन गुन्हेगार असतो. फोनने बॅटरी वाचवायला अ‍ॅप झोपवलं किंवा 'व्यत्यय नको' लागलं की रात्री अलार्म वाजत नाही, आणि सकाळी वाटतं ट्रान्समीटर मेला. सिस्टीम अपडेट झाल्यावर सेटिंग्ज परत तपासायची. माझं एकदा असं झालं, मी नवा ट्रान्समीटर मागवूनही बसले होते.

---

चिऊची_आई | शुक्रवार, रात्री १०.३०

आजचा अहवाल.

भिंगाने बघितलं. दोन पिनांच्या बुडाशी काळपट कडं आहे. खरंच. फोटो मास्तरांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला. त्यांनी सांगितल्याप्रमाणे आत काहीही घातलं नाही. टोपी लावून बाहेरून पातळ साबणाच्या पाण्याने मऊ ब्रशने धुतला, पुसला, टोपी काढली आणि रात्रभर पंख्याखाली कोरडा ठेवला. चार्जरमध्ये नवीन अल्कलाईन सेल. दोन तास. मग सेन्सरला जोडला, हिरवा दिवा लुकलुकला. आज शुक्रवार. बघू.

तिरसट यांना: तुम्ही म्हणता तसं असेलही, पण आमच्या घरात चुकीचा सेल मीच घातला होता.

---

तिरसट | शुक्रवार, रात्री १०.४१

ठीक आहे. सातही दिवस गेले तर कळवा.

---

चिऊची_आई | पुढचा शुक्रवार, सकाळी ६.५०

सहा दिवस आणि काही तास. काल रात्री साडेअकराला मीच काढून चार्जिंगला लावला, मरायच्या आधी. तेवढे दोन तास बोट टोचून काढले. पाचवरून सहावर!

---

सोल्डर_मास्तर | शुक्रवार, सकाळी ७.००

सात होणार नाहीत, पिना खाल्ल्या गेल्यात. पण एवढ्यावर चालेल. आता चार्जिंग रात्री नको, संध्याकाळी पोर अभ्यासाला बसते तेव्हा करा. रात्रीसाठी यंत्र, दिवसा आई.

पुढे घेणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो: अकराव्या महिन्यात एक आठवडा मुद्दाम दिवस मोजा. सात दिवस निघत नसतील तर वॉरंटीत असतानाच तक्रार नोंदवा, बिलाचा फोटो मेलमध्ये ठेवा. ताईंनी चार महिने आधी मोजलं असतं तर कदाचित हा धागाच निघाला नसता.

---

चिऊची_आई | पाच महिन्यांनी, रविवार, दुपारी ४.१५

धागा वर काढतेय. बरेच जण व्यनि करून विचारत होते म्हणून.

ट्रान्समीटर गेला. एकूण वीस महिने चालला. शेवटी सहाचे पाच, पाचचे साडेतीन झाले आणि परवा चार्जरवर दिवाच लागेना. नवा सेल घालूनही नाही. टोपी लावून तपासलं, तरीही नाही.

पण या पाच महिन्यांत दर महिन्याला थोडे थोडे बाजूला काढले होते. कर्ज न काढता नवा आला. पहिल्या दिवसापासून हिरवी टोपी, अल्कलाईन सेल, आणि वामकुक्षी यांचा स्टीलचा डबा. टण्ण आवाज ऐकल्याशिवाय चिऊ मला हलू देत नाही. फ्रीजच्या दारावर अकराव्या महिन्याची तारीख लावलीय.

नरकचतुर्दशीचं गणितही जमलं, सेन्सर आदल्या रात्री संपला. आजीने यथेच्छ तेल लावलं.

जुना अजून खणात आहे. मास्तर, तुम्हाला सरावाला हवा का?

---

सोल्डर_मास्तर | रविवार, संध्याकाळी ५.३०

हवा की. आत नक्की काय खाल्लं गेलंय ते बघायचंय. पत्ता व्यनि करतो. कुरियरचे पैसे मी देईन.

---

चिऊची_आई | रविवार, संध्याकाळी ५.४५

पैसे नकोत. एकच अट. उघडल्यावर आतला फोटो इथे टाकायचा, चिऊला बघायचाय. ती म्हणते, "माझ्या हातावर वीस महिने बसला होता, मला कळायला नको आत कोण होतं?"